दात पडलेले कणीस

गोव्यात पेडणे तालुक्यातील माझ्या एका परिचितांनी गेल्या हिवाळ्यात, भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतात मिरची लावली आणि जागा वाया जाऊ नये म्हणून मेरेच्या, म्हणजे बांधाच्या, कडेने स्वीट कॉर्नची एकच लांब ओळ टोकली. रोपे पुरुषभर उंच झाली, कणसेही हातात भरतील एवढी धरली. पण सोलून पाहिली तेव्हा जवळपास प्रत्येक कणसावर दात पडलेल्या तोंडासारख्या मोकळ्या जागा होत्या. बियाणे बोगस निघाले, खत कमी पडले आणि कोणाची तरी दृष्ट लागली, अशी तीन निदाने मेरेवरच झाली. माझ्या मते त्या ओळीला कमी पडले ते परागकण.

मक्याच्या एकाच झाडावर नर आणि मादी फुले वेगवेगळ्या जागी येतात. शेंड्यावरचा तुरा नर असतो आणि खाली पानाच्या बगलेत धरणारे कणीस मादी असते. कणसाच्या टोकातून लोंबणारे रेशीम आपण कचरा म्हणून फेकून देतो, परंतु त्यातील प्रत्येक धागा आत एका, आणि एकाच, होऊ घातलेल्या दाण्याला जोडलेला असतो. एका कणसात असे चार-पाचशे धागे सहज असतात. धाग्यावर परागकण पडला की तो काही मिनिटांत रुजतो, त्यातून एक सूक्ष्म नलिका निघते आणि ती धाग्याच्या आतून वाट काढीत साधारण एका दिवसात तळाशी पोहोचते. नलिकेतून दोन नरपेशी येतात : एकीचा अंडपेशीशी संयोग होऊन बीजांकुर तयार होतो, तर दुसरी अंडपेशीशेजारच्या दोन ध्रुवीय केंद्रकांशी मिळून भ्रूणपोष, म्हणजे आपण चावतो तो दाण्याचा गोड भाग, घडवते. सपुष्प वनस्पतींमधील हे दुहेरी फलन रशियन शास्त्रज्ञ सर्गेई नवाशिन यांनी १८९८ मध्ये लिलीच्या कुळातील फुलांत प्रथम दाखवले. जो धागा कोरडा राहिला, त्याच्या तळाशी दाणा भरत नाही.

याचा पडताळा घरी घेता येतो. रेशीम बाहेर आल्यानंतर आठवडाभराने एक कणीस तोडावे, वरची पाने धागे न तुटतील अशी अलगद सोलावीत आणि कणीस उलटे धरून हळूच हलवावे. फलन झालेल्या दाण्यांचे धागे आपोआप गळून पडतात. जे चिकटून राहतात, तेथे पुढे मोकळी जागा दिसणार. मिरची-लिंबू बांधलेल्या शेतातले कणीस घेतले, तरी धागे याच नियमाने गळतात.

आता अंतराचा प्रश्न. मक्याचा परागकण इतर गवतांच्या मानाने मोठा आणि जड असतो, त्यामुळे बहुतेक परागकण तुऱ्यापासून काही मीटरांच्या आतच खाली येतात. एकाच ओळीवर आडवा वारा आला, की परागकण शेजारच्या मिरचीवर पडतात. तीच चाळीस रोपे चार ओळींत, दोन ओळींमध्ये ६० आणि दोन रोपांमध्ये २५ सेंटिमीटर राखून लावली, तर जेमतेम १.८ बाय २.२५ मीटरचा चौकोन होतो आणि वारा कोणत्याही दिशेने आला तरी त्याला रेशीम सापडते. मात्र अधिक कणसांच्या आशेने रोपे याहून दाट लावण्यात वेगळाच धोका आहे. सावली आणि पाण्याची ओढ यांच्या ताणाखाली झाड अन्न आधी शेंड्याकडे पाठवते. तुरा वेळेवर फुलतो, रेशीम मात्र मागे पडते. पराग गळून संपत आल्यावर बाहेर आलेल्या रेशमाचा उपयोग काय? त्यातही कणसाच्या टोकाकडील धागे सर्वांत शेवटी निघतात, म्हणून टोके आधी रिकामी राहतात.

पेरणीची वेळ ही हीच गाठ जुळवण्याची दुसरी बाजू आहे. बी रुजण्यापुरती जमिनीची ऊब गोव्यात बाराही महिने असते, त्यामुळे थंड मुलखातील वेळापत्रके येथे फारशी कामाची नाहीत. येथे पाहावे लागते ते तुरा कधी येईल हे, आणि तो पेरणीनंतर साधारण दीड ते पावणेदोन महिन्यांनी येतो. जूनच्या आरंभी पेरलेल्या मक्याला तुरा ऐन जुलैच्या संततधारेत येतो. भिजलेले परागकोश नीट उघडत नाहीत आणि मुळाशी पाणी साचते ते वेगळेच. नोव्हेंबरच्या मध्यास पेरले, तर जानेवारीच्या आरंभी सकाळचे दव वाळताच पराग गळू लागतो आणि हवेतील दमटपणामुळे तो व रेशीम लगेच सुकत नाहीत. फेब्रुवारीची पेरणी पाटाचे पाणी असल्यास शक्य आहे, परंतु पारा ३५ अंशांच्या पुढे सरकू लागला की परागकणांचे आयुष्य झपाट्याने घटते.

बाजारात कणसे सलग नेता यावीत म्हणून दर पंधरवड्याला थोडे थोडे पेरणे चांगलेच, फक्त प्रत्येक तुकडी स्वतंत्र चौकोनात लावावी. शेजारी कोणी गाईंसाठी चाऱ्याचा मका लावला असेल, तर त्याचा आणि आपला तुरा यांच्यात दोनेक आठवड्यांचे अंतर पडेल अशी पेरणी करावी. कारण भ्रूणपोषात परागकणाचाही वाटा असल्याने परका पराग पडलेला दाणा त्याच हंगामात, त्याच कणसावर, पिठूळ निघतो.