रॉकीविना रिंग : ‘क्रीड ३’ची पार्श्वभूमी

‘क्रीड ३’ मार्च २०२३मध्ये पडद्यावर आला. ‘रॉकी’ या मुष्टियुद्धपटांच्या कुळातला तो नववा चित्रपट, आणि मूळ नायक रॉकी बाल्बोआ ज्यात एकदाही दिसत नाही असा पहिलाच. रॉकी साकारणाऱ्या सिल्व्हेस्टर स्टॅलनचं नाव निर्मात्यांत आहे, पण पडद्यावर तो नाही. यामागे सत्तेचाळीस वर्षांचा हिशेब आहे, आणि थोडी भाऊबंदकीही.

हिशेब सुरू होतो २४ मार्च १९७५ला. ओहायोतल्या रिचफील्डमध्ये मुहम्मद अलीसमोर चक वेप्नर उभा राहिला. हा न्यू जर्सीतल्या बेयॉन गावचा गडी, पोटासाठी दारूविक्रीचं काम करणारा. तो अलीपुढे दोन-चार फेऱ्या टिकला तरी पुष्कळ, असं सगळे धरून चालले होते. नवव्या फेरीत अलीच खाली बसला. ठोसा लागला की पायावर पाय पडला, यावर नंतर वाद झाले, पण पंचाने तो ‘नॉकडाउन’ धरला. पंधराव्या फेरीत १९ सेकंद उरले असताना वेप्नर कोसळला आणि लढत थांबवली गेली. ही लढत पाहून स्टॅलनने पटकथा लिहिली, पहिला खर्डा साडेतीन दिवसांत, असं तो स्वतः सांगतो. निर्माते अर्विन विंकलर आणि रॉबर्ट चार्टॉफ यांना पटकथा आवडली, पण नट नावाजलेला हवा होता. स्टॅलन हटून बसला. शेवटी जेमतेम दहा लाख डॉलरमध्ये ‘रॉकी’ झाला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटासह तीन ऑस्कर घेऊन गेला.

हट्टाने भूमिका मिळाली, हक्क मात्र मिळाले नाहीत. पुढच्या सगळ्या कटकटीचं मूळ इथे आहे. रॉकीवरची मालकी आपल्याकडे नाही, ही सल स्टॅलनने आयुष्यभर बाळगली आणि २०२२मध्ये विंकलर कुटुंबावर समाजमाध्यमांतून उघड आगपाखड केली. गंमत अशी की, ज्याच्या लढतीवरून हे सगळं सुचलं त्या वेप्नरने २००३मध्ये खुद्द स्टॅलनवर दावा ठोकला होता. तो २००६मध्ये आपसात मिटला.

मधले भाग भराभर सांगता येतील. १९७९च्या दुसऱ्या भागात रॉकी जिंकतो, १९८२च्या तिसऱ्यात जुना प्रतिस्पर्धी अपोलो क्रीड त्याचा प्रशिक्षक होतो, १९८५च्या चौथ्यात सोव्हिएत इव्हान ड्रॅगो अपोलोला रिंगणातच मारतो. १९९०चा पाचवा भाग विसरलेला बरा. २००६च्या ‘रॉकी बाल्बोआ’ने त्याची भरपाई केली आणि गोष्ट तिथेच संपायला हरकत नव्हती.

ती पुढे नेली दिग्दर्शक रायन कूगलरने. त्याच्या वडिलांना हे चित्रपट जिवापाड आवडत. ते आजारी पडले तेव्हा त्याला एक कल्पना सुचली. रॉकी म्हातारा, आजारी, आणि त्याच्या दारात अपोलोचा अनौरस मुलगा. १९७६च्या चित्रपटात अपोलो हा बडबड्या, झगमगता कृष्णवर्णीय विजेता. प्रेक्षकांची माया गोऱ्या, गरीब रॉकीकडे. कूगलरने कॅमेरा दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. २०१५च्या ‘क्रीड’मध्ये मायकल बी. जॉर्डनने साकारलेला हा मुलगा, अडोनिस, बापाचं नाव लावायलाही कचरतो. पण माया पुन्हा रॉकीनेच लुटली. ऑस्करचं एकमेव नामांकन मिळालं ते स्टॅलनला. २०१८च्या दुसऱ्या भागात तर समोर ड्रॅगोचा मुलगा आला, म्हणजे थेट बापजाद्यांचं वैर. शेवटी रॉकी आपल्या मुलाकडे व्हँकूव्हरला जातो. वाट तिथेच मोकळी झाली होती.

तिसऱ्या भागाचं दिग्दर्शन जॉर्डननेच केलं, पहिल्यांदाच. त्याने कथा फिलाडेल्फियातून उचलून लॉस एंजलिसला आणली. तिथल्या कलासंग्रहालयाच्या त्या ७२ पायऱ्या, ज्या रॉकी धावत चढतो आणि ज्या चढून जायला पर्यटक अजूनही रांगा लावतात, इथे नाहीत. कथेचं मूळ आहे २००२मधलं, म्हणजे रॉकी अडोनिसच्या आयुष्यात येण्याआधीचं. किशोरवयीन अडोनिस आणि त्याचा मोठ्या भावासारखा मित्र डेमियन. एका दुकानाबाहेर मारामारी होते, डेमियन पिस्तूल काढतो, पोलीस येतात; अडोनिस पळतो, डेमियन पकडला जातो. अठरा वर्षांनी तो तुरुंगातून सुटून येतो आणि विजेतेपदाची एक संधी मागतो.

मला यातली खरी खुबी इथे दिसते. वय उलटून चाललेला, कुणाला ठाऊक नसलेला, एका संधीला आसुसलेला मुष्टियोद्धा, ही तर १९७६च्या रॉकीचीच गोष्ट. संधी येते तीही तशीच: तेव्हा अपोलोचा ठरलेला प्रतिस्पर्धी जखमी होतो, इथे ड्रॅगोचा मुलगा व्हिक्टर. रॉकीला चित्रपटातून काढलं, पण त्याची गोष्ट खलनायकाच्या पदरात टाकली. डेमियन झालेला जोनाथन मेजर्स ती इतक्या ताकदीने करतो की बराच वेळ आपण त्याच्याच बाजूने असतो.

दिसण्यातही जुनं वळण मोडलंय. जॉर्डन जपानी ॲनिमेचा, म्हणजे तिथल्या ॲनिमेशनपटांचा चाहता. लढतींत ठोशाआधीचा क्षण ताणणं, स्नायूवर थबकणं हे तिथून आलंय. डॉजर स्टेडियममधल्या शेवटच्या लढतीत मधेच प्रेक्षक नाहीसे होतात, रिंगणाभोवती काळोख उरतो आणि दोघं जणू तुरुंगाच्या गजांमध्ये लढतात. घरातही फरक आहे: अडोनिसची मुलगी अमारा कर्णबधिर आहे, तिची भूमिका स्वतः कर्णबधिर असलेल्या मिला डेव्हिस-केंटने केली आहे, आणि जेवणाच्या टेबलावरची बोलणी खाणाखुणांच्या भाषेत होतात.

आपण असतो तर ही वाट धरली नसती, आपण भावुक माणूस, असं स्टॅलनने प्रदर्शनाआधीच सांगून टाकलं होतं. अमेरिकेत मात्र या भागाने १५ कोटी डॉलरहून जास्त कमावले. महागाई न धरता पाहिलं तर नऊही भागांत सर्वाधिक. माझी तक्रार वेगळी आहे. डेमियनचं गाऱ्हाणं एवढं खरं उभं केल्यावर त्याचा निकाल बाराव्या फेरीतल्या नॉकआउटवर लावायचा आणि मग दोघांना बसवून पाच मिनिटांत समेट करायचा, हे त्या गाऱ्हाण्याला पुरेसं नाही. १९७६मध्ये रॉकी गुणांवर हरला होता, २०१५मध्ये अडोनिसही. इथे अडोनिस हरला असता तर चाललं असतं.