तेलवाहू जहाजांची अग्निसुरक्षा

तेलवाहू जहाजांची अग्निसुरक्षा : खनिज तेल आणि पेट्रोल, नाफ्था, रॉकेल, डिझेल यांसारखी त्याची उत्पादने जहाजातून नेताना, बंदरात चढवता-उतरवताना आणि रिकाम्या टाक्या धुताना पाळायचे नियम व त्यांसाठीची यंत्रणा. यात एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. पेट घेते ती तेलाची वाफ. त्यामुळे काठोकाठ भरलेल्या टाकीपेक्षा नुकतीच रिकामी झालेली टाकी जास्त घातक असते. भरलेल्या टाकीत वाफेला जागा फारशी नसते. रिकाम्या टाकीच्या तळाशी आणि भिंतींना राहिलेल्या तेलातून मात्र ती सुटत राहते आणि उपसलेल्या तेलाच्या जागी शिरलेल्या हवेत मिसळते.

हवेत या वाफेचे प्रमाण साधारण १ ते १० टक्के असेल तेव्हाच मिश्रण पेटते. त्याहून कमी असेल तर ते फार विरळ, जास्त असेल तर फार दाट. शिवाय हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून ११ टक्क्यांखाली आणला, तर वाफ कितीही असली तरी ती पेटत नाही. आजचे बहुतेक नियम या आकड्यांवर उभे आहेत.

ते सक्तीचे होण्यामागे १९६९ चा डिसेंबर आहे. त्या एका महिन्यात मार्पेसा, माक्त्रा आणि काँग हाकॉन सातवा या तीन अवाढव्य टँकरांवर स्फोट झाले. तिन्ही जहाजे तेल उतरवून रिकामी परतत होती आणि तिन्हींवर टाक्या धुण्याचे काम चालू होते. पहिल्याच सफरीवर असलेले मार्पेसा बुडाले. कुणी काडी ओढल्याचा किंवा ठिणगी पाडल्याचा पुरावा नव्हता. चौकशीचा रोख अखेर धुण्याच्या पाण्याकडेच वळला : उच्च दाबाच्या फवाऱ्यामुळे प्रचंड टाकीत विद्युत्भारित धुके तयार होते, आणि त्यातून पडणारा पाण्याचा लोट पोलादाजवळ येताच ठिणगी पडू शकते. ठिणगी टाळण्याची खात्री देता येत नसेल तर टाकीतला ऑक्सिजनच काढून टाकावा, हा विचार त्यानंतर पक्का झाला. १९७८ च्या सोलास (समुद्रावरील जीवितसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार) शिष्टाचाराने तो मोठ्या टँकरांवर बंधनकारक केला. पुढच्याच वर्षी, ८ जानेवारी १९७९ रोजी, आयर्लंडच्या बँट्री उपसागरात बेटेलज्यूज हा फ्रेंच टँकर जेट्टीवरच फुटला आणि ५० माणसे गेली. जहाजाचा सांगाडा कमकुवत झाला होता, बॅलास्ट (जहाजाचा तोल राखण्यासाठी घेतलेले पाणी) चुकीच्या पद्धतीने भरले जात होते आणि टाकीतला ऑक्सिजन हटवणाऱ्या इनर्ट गॅसची (न पेटणाऱ्या वायूची) सोय नव्हती. २०१६ पासून ही सक्ती ८,००० टन वहनक्षमतेच्या नव्या टँकरांपर्यंत खाली आली आहे.

इनर्ट गॅस म्हणजे बहुधा बॉयलरचाच धूर. स्क्रबरमध्ये (धूर धुण्याच्या पात्रात) समुद्राच्या पाण्याने तो धुऊन थंड करतात, काजळी व गंधकाचे वायू काढतात आणि ब्लोअरने टाक्यांत सोडतात. पुरवठ्याच्या वायूत ऑक्सिजन ५ टक्क्यांपेक्षा आणि टाकीत ८ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. टाकीत दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवतात, म्हणजे फट राहिली तरी वायू बाहेर जातो, हवा आत येत नाही. वाफ उलट बॉयलरकडे जाऊ नये म्हणून वाटेत डेकवर पाण्याचा सील असतो. साधीच गोष्ट, पण तो कोरडा पडला तर सगळी यंत्रणा उलटी जिवावर उठते.

टाकीत माणूस उतरवायचा असेल तेव्हा क्रम चुकवून चालत नाही. वाफ असलेल्या टाकीत थेट ताजी हवा सोडली, तर मिश्रण पेटत्या टप्प्यातून जाते. म्हणून आधी इनर्ट गॅसनेच वाफ २ टक्क्यांखाली आणतात आणि मग हवा देतात. त्यानंतर मीटरवर ऑक्सिजन २१ टक्के, वाफ स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या (मिश्रण पेटायला लागणाऱ्या किमान प्रमाणाच्या) १ टक्क्याहून कमी आणि हायड्रोजन सल्फाइडसारखे विषारी वायू मर्यादेत दिसले, तरच परमिटवर सही होते. आगीपासून वाचवणारा वायू श्वास कोंडून मारतो, आणि खाली पडलेल्याला उचलायला धावत उतरलेला सोबतीही बहुतेक वेळा तिथेच पडतो. म्हणून अशी खात्री न झालेल्या टाकीत श्वसनयंत्राशिवाय कुणीही जायचे नाही, हा नियम मदत करणाऱ्यालाही लागू असतो.

जेट्टीवर काम सुरू होण्याआधी जहाज व टर्मिनल दोघांचे अधिकारी तपासणी यादीवर सह्या करतात. डेकवरचे स्कपर (पाणी वाहून जाण्याची भोके) बंद, मॅनिफोल्डखाली (जहाजाचे नळ किनाऱ्याच्या नळांना जोडतात त्या जागेखाली) ट्रे, जवळ पाण्याचे होज तयार, निवासी भागाची दारे लावलेली. दिवसा सांकेतिक निशाणांतले बी अक्षराचे लाल निशाण, रात्री लाल दिवा. डेकवर काडेपेटी, लायटर, स्फोटरोधक नसलेला मोबाइल किंवा बॅटरी चालत नाही. सुरुवात सावकाश करतात : स्थिर वीज साठवणाऱ्या तेलाचा वेग आधी सेकंदाला १ मीटरपेक्षा जास्त ठेवत नाहीत, आणि टाकीत इनर्ट गॅस नसेल तर भरणे संपल्यावर ३० मिनिटे मोजमापाची धातूची टेप आत सोडत नाहीत. वारा पडला की काम थांबवण्याची पाळी येऊ शकते, कारण हवेपेक्षा जड वाफ डेकवर साचते. मेघगर्जना जवळ आली की पंप बंद करून व्हेंट (वाफ बाहेर सोडण्याची तोंडे) मिटवतात. जहाज आणि किनारा यांना तारेने जोडून वीज समान करण्याची जुनी पद्धत आता मागे पडली आहे; तार जोडताना-काढतानाच ठिणगी पडू शकते, म्हणून लोडिंग आर्ममध्ये (जेट्टीवरून जहाजाला जोडायच्या हलत्या नळात) वीजरोधक फ्लँज, म्हणजे जोडकडे, बसवतात.

जहाजाला दुहेरी कवचाची सक्ती मुख्यतः तेलगळती रोखण्यासाठी आली, १९८९ च्या एक्सॉन वाल्डेझ या टँकरच्या अपघातानंतर. तिने एक नवे काम मात्र वाढवले : दोन कवचांमधल्या पोकळीत वाफ झिरपली आहे का, यावर सतत लक्ष ठेवणे.

भारतात १९३४ चा पेट्रोलियम कायदा आणि २००२ चे पेट्रोलियम नियम लागू आहेत. ते राबवणाऱ्या पेसो (पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना) या सरकारी संघटनेचे मुख्यालय बंदरापासून दूर, नागपुरात आहे. ज्वलनांक (तेलाची वाफ ठिणगीने पेटू शकते ते किमान तापमान) २३ अंश सेल्सिअसखाली तो अ वर्ग (पेट्रोल), २३ ते ६५ पर्यंत ब (रॉकेल), आणि ६५ ते ९३ पर्यंत क, अशी विभागणी आहे. मुंबई बंदरात कच्चे तेल मुख्यतः जवाहर द्वीपावरच्या जेट्ट्यांवर उतरते आणि पाण्याखालच्या नळांतून माहुलच्या शुद्धिकरण कारखान्यांत जाते. ६ ऑक्टोबर २०१७ रोजी याच बेटावरच्या डिझेलच्या एका टाकीवर वीज पडून लागलेली आग विझायला काही दिवस लागले.