सहा महिन्यांनंतरही हात सुधारू शकतो

‘पक्षाघातानंतर सहा महिन्यांत हात आला तर आला, नाहीतर गेला’ असे घरोघरी ठामपणे सांगितले जाते. सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणा वेगाने होते, एवढेच यात खरे. पुढे ती मंदावते, थांबतेच असे नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ‘एक्साइट’ चाचणीत, पक्षाघाताला तीन ते नऊ महिने झालेल्या २२२ रुग्णांपैकी एका गटाच्या धडधाकट हातावर दोन आठवडे, जागेपणीचा बहुतेक वेळ, जाड हातमोजा चढवून दुबळ्या हाताकडून कसून सराव करून घेतला गेला, आणि वर्षभरानंतरही त्यांचा हात नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा सरस चालत होता. अर्थात, मनगट आणि बोटे थोडी तरी उघडता येणारे रुग्णच त्यात होते. ही अट सांगायची मात्र बहुतेकदा राहून जाते.