ओली आच, कोरडी आच: पेल एलसाठी माल्ट निवडताना

घरी केलेल्या माझ्या पहिल्या पेल एलमध्ये, म्हणजे फिकट रंगाच्या बिअरमध्ये, पाच प्रकारचे माल्ट होते. दुकानात बरण्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीवर मोहात पाडणारं वर्णन. पंगतीत पानात सगळंच वाढून घ्यावं तसं मी केलं. तीन आठवड्यांनी बाटली उघडली तर रंग चिंचेच्या कोळाचा आणि चव काकवीत बुडवलेल्या टोस्टची. हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) संत्र्याच्या सालीसारखा वास यायला हवा होता, तो कुठे तळाशी दडून बसला कोण जाणे.

(हे इंग्लंडातलं. इथे 1963 पासून स्वतःपुरती बिअर घरी करायला परवाना लागत नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, तेव्हा हे वाचून तिकडे बादली भरायला घेऊ नका.)

नंतर डोक्यात प्रकाश पडला की ते पाचही माल्ट म्हणजे एकच धान्य होतं: बार्ली, आपला जव. फरक फक्त आचेचा. आणि आच किती यापेक्षाही ती लागली तेव्हा दाण्यात पाणी किती होतं, याचा.

माल्ट करणं म्हणजे दाण्याला मोड आणून तो वाळवणं. नाचणी सत्त्व केलेल्या घरांना हे नवीन नाही. मोड आलेल्या नाचणीची पेज साध्या पिठाच्या पेजेहून पातळ होते, कारण मोड येताना दाण्यात अमायलेज नावाची विकरं (एन्झाइम) तयार होतात आणि ती स्टार्चचे लांब धागे तोडतात. बार्लीतही तेच. दीड-दोन दिवस भिजवायची, चार-पाच दिवस मोड येऊ द्यायचे आणि दाणा आपली शिदोरी स्वतःच संपवायच्या आत भट्टीत घालायचा.

खरं नाट्य भट्टीत घडतं. विकरं ही प्रथिनं; ओल्या दाण्याला एकदम कडक आच दिली तर ती मरतात. म्हणून पेल माल्ट आधी बेताच्या गरम हवेवर वाळवतात आणि पाणी बरंचसं उडून गेल्यावरच तापमान 80-90 अंशांपर्यंत नेतात. कोरड्या दाण्यातली विकरं एवढी उष्णता सोसतात. हा झाला पायाचा माल्ट, म्हणजे ज्याच्याकडे साखरही आहे आणि ती मोकळी करणारी हत्यारंही.

क्रिस्टल माल्टचं नेमकं उलटं. मोड आलेला ओलाच दाणा 65 अंशांच्या आसपास कोंडून ठेवतात. ओल आणि ऊब दोन्ही मिळाल्यामुळे विकरं सालाच्या आतच स्टार्चची साखर करून टाकतात. मग आच वाढवून तो पाक आतल्या आत खरपूस करतात. विकरं त्यात संपतात आणि साखरेचा बराच भाग यीस्टला न पचणाऱ्या रूपात जातो. बिअरमध्ये उरणारा गोडवा आणि जडपणा तो हाच.

हे कळायला प्रयोगशाळा नको, दाढा पुरेत. पेल माल्टचा दाणा चावला की कुरकुरीत मोडतो आणि आत पांढरं, किंचित गोड पीठ लागतं. क्रिस्टलचा दाणा चिक्कीच्या तुकड्यासारखा कडकन फुटतो. ब्लेडने आडवा कापला तर आत पीठ नाहीच, तांबूस काच. तेव्हापासून मी दुकानात वर्णन वाचत नाही, दाणा मागून चावून बघतो. दुकानदाराला सवय झाली आहे.

आता हिशेब. 20 लिटर पेल एलसाठी मी 4.3 किलो मॅरिस ऑटरचा पेल माल्ट घेतो. ही 1960च्या दशकात केंब्रिजला तयार झालेली बार्लीची जात. दाण्याला बिस्किटासारखी चव असते. सोबत मध्यम क्रिस्टल 250 ग्रॅम. माल्टचा रंग लोव्हिबाँड अंशांत मोजतात. हे नाव जोसेफ लोव्हिबाँड या इंग्रज बिअरवाल्याचं. तो रंगीत काचांशी ताडून बिअरचा रंग ठरवायचा. मॅरिस ऑटर साधारण 3 अंश, हा क्रिस्टल 60. किलो गुणिले अंश करून बघा: 4.3 × 3 म्हणजे 12.9 आणि 0.25 × 60 म्हणजे 15. वजनात जेमतेम साडेपाच टक्के असलेला क्रिस्टल रंगात मात्र बाकी सगळ्या धान्याला मागे टाकतो! माझ्या पहिल्या खेपेत तो 800 ग्रॅम होता. भाजीत मूठभर गरम मसाला पडावा तसं झालं होतं.

थोड्याशा गडद दाण्याने काम भागतं, हे इंग्रजांना गरजेतून कळलं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बिअरवाल्यांच्या हाती रसातली साखर जोखणारा हायड्रोमीटर आला आणि स्वस्त वाटणारा तपकिरी माल्ट प्रत्यक्षात साखर कमी देतो, हे उघडं पडलं. म्हणजे तोच महाग! मग पोर्टर नावाची काळपट बिअरसुद्धा बव्हंशी पेल माल्टवर होऊ लागली; रंग कमी पडे. 1817 मध्ये डॅनियल व्हीलरने फिरत्या पिंपात माल्ट काळाकुट्ट भाजायचं पेटंट घेतलं आणि ती अडचण चिमूटभर काळ्या माल्टवर सुटली. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेव्हाडा या बिअर कंपनीने 1980 मध्ये पहिल्यांदा केलेली पेल एल आज अमेरिकन धाटणीचा नमुना मानली जाते. तिच्यातही पेल आणि कॅरॅमल, म्हणजे क्रिस्टलचाच अमेरिकन अवतार, एवढंच असतं.

गोडवा नको पण भाजल्याचा खमंगपणा हवा, तर म्युनिक माल्ट. तो ओलसर असतानाच जरा जास्त तापवतात, शेवटी आच 100 अंशांवर जाते. अमिनो आम्लं आणि साखर यांच्यात मायार अभिक्रिया होते. थालीपीठाची भाजणी परतताना घर दरवळतं ते तिच्यामुळेच. म्युनिकमध्ये आपलं काम भागवण्यापुरती विकरं शिल्लक असतात, म्हणून तो दहा टक्के घातला तरी बिघडत नाही.

गोडव्याची किल्ली मात्र माल्टच्या पिशवीत जितकी, तितकीच थर्मामीटरवर. भरडलेला माल्ट गरम पाण्यात तासभर ठेवतात, तेव्हा 63-64 अंशांना बीटा-अमायलेज जोरात असतं. ते स्टार्चच्या माळेच्या टोकाकडून दोन-दोन मणी तोडतं, ते यीस्टला आयते मिळतात आणि बिअर कोरडी होते. 68-69 अंशांना ते लवकर थकतं. मधेच कुठेही तोडणारं अल्फा-अमायलेज उरतं, न पचणारे तुकडे राहतात आणि बिअर अंगाने भरते. मी 66 वर थांबतो. काम झालं का हे बघायला पांढऱ्या बशीत थेंबभर रस घेऊन त्यावर टिंक्चर आयोडीन टाकायचं. निळंकाळं झालं तर स्टार्च बाकी आहे. तपासलेला थेंब फेकायचा, परत भांड्यात नाही.

फेस टिकावा म्हणून काही जण पाच टक्के गव्हाचा माल्ट घालतात. फेस खरंच बरा टिकतो. पण गव्हाला साल नसतं, आणि बार्लीची सालंच तळाशी गाळणी बनून रस निथळू देतात. एकदा हात सैल सोडून मी 40 टक्के गहू घातला. तोटीतून थेंब-थेंब रस येत होता आणि मी रात्री दीड वाजता चमच्याने लगदा उकरत बसलो होतो.