‘स्मारक नाणे’ म्हणायचे कशाला?

प्रजासत्ताकाची नाणी जमवणाऱ्याला सुरुवातीचा काळ सोपा जातो. १९५० साली राजाचा मुखवटा जाऊन सिंहशीर्ष आले, १ एप्रिल १९५७ला आणे जाऊन ‘नये पैसे’ आले आणि १ जून १९६४पासून त्यातले ‘नये’ही गळाले. साल आणि सालाखालची टांकसाळीची खूण (मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, कोलकात्याची खूणच नाही) जुळवत गेले की संच भरत जातो.

गुंता सुरू झाला १९६४ सालीच. पहिल्या पंतप्रधानांच्या निधनानंतर त्यांच्या मुद्रेचा रुपया आणि ५० पैसे निघाले. प्रजासत्ताकाची ही पहिली स्मारक नाणी, म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या वा घटनेच्या आठवणीसाठी काढलेली, पण ती इतर नाण्यांसारखीच बाजारात फिरली, सुट्ट्या पैशांत हाती आली, झिजली. ‘स्मारक’ आणि ‘चलनी’ यांत फरक करण्याची गरज तेव्हा कुणालाच पडली नाही.

ती पडली १९६९ साली. राष्ट्रपित्याच्या जन्मशताब्दीला २० पैसे, ५० पैसे आणि १ रुपया यांच्या जोडीने १० रुपयांचे चांदीचे नाणे काढायचे ठरले. वजन १५ ग्रॅम, त्यात ८० टक्के चांदी. या नाण्यावर जारी केल्याचे साल नाही, फक्त १८६९–१९४८ हे आयुष्य कोरले आहे. म्हणून आजोबांच्या पेटीत ते सापडले की आजही कुणीतरी ‘दीडशे वर्षांपूर्वीचे नाणे’ म्हणून हौसेने दाखवायला आणतो. पेटीत सापडते यातच सगळे आले. चांदी खर्च कोण करणार? माझ्या मते आपल्या नाण्यांच्या इतिहासातला सर्वांत दूरगामी निर्णय हाच. दर्शनी किंमत असलेले, पण खर्चासाठी नसलेले नाणे इथून रुळले.

पुढे त्या दहा रुपयांचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १९७०च्या ‘सब के लिए अन्न’ नाण्यात चांदी तेवढीच राहिली. १९७२ला, स्वातंत्र्याच्या पंचविशीला, ती ५० टक्क्यांवर आली. १९७४ला दहाचे नाणे तांबे-निकेलचे झाले आणि चांदी ५० रुपयांच्या नाण्यात सरकली. पाच वर्षांत दहा रुपयांतली चांदी संपली.

खरे स्मारक मी चलनी नाण्यालाच म्हणेन. १९९९चा ज्ञानेश्वरांचा रुपया, त्याच वर्षीचे शिवछत्रपतींचे दोन रुपये, २००२चे तुकोबांचे दोन रुपये ही नाणी एसटीच्या वाहकाच्या पिशवीतून लोकांच्या हातात आली. आठवण अशी हातोहात जाते. प्रूफ संचातल्या, म्हणजे खास संग्राहकांसाठी पाडलेल्या, नाण्याची आरशासारखी कळा सुंदर असते, पण त्याला बोट लावायचीही सोय नाही.

अलीकडच्या काळात तर पारडे पुरते फिरले. २०११च्या नाणे कायद्याने १००० रुपयांपर्यंतच्या नाण्याला जागा ठेवली आणि तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीचे नाणे नेमके तेवढ्या किमतीचे निघाले. १२५, १५०, ३५० रुपये अशा किमती आता बाजाराची गरज पाहून ठरत नाहीत, वर्धापनाचा आकडाच किंमत होतो. २०२३ साली नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाला निघालेले ७५ रुपयांचे नाणे ३५ ग्रॅमचे, निम्मी चांदी, बाकी तांबे, निकेल आणि जस्त. ही नाणी कायदेशीर चलन आहेत, मात्र ती नोंदणी करून, दर्शनी किमतीहून कितीतरी जास्त पैसे मोजून घ्यावी लागतात.

सोन्याच्या बाबतीत ‘नाणे’ हा शब्दच अडचणीत येतो. १९१८ साली मुंबईच्या टांकसाळीत पाडलेल्या मोहरेवर ‘१५ रुपये’ अशी किंमत होती. २०१५ला आलेल्या भारतीय सुवर्ण नाण्यावर अशोकचक्र आहे, राष्ट्रपित्याची मुद्रा आहे, रुपयांतली किंमत मात्र नाही. २०११च्या कायद्यातली स्मारक नाण्याची व्याख्या भारतीय चलनातली किंमत मागते, त्यामुळे संग्रहाच्या वहीत ते नाण्यांच्या पानावर न लिहिता पदकांच्या पानावर लिहावे लागते.