पॉवर ॲम्प्लिफायर, प्रयोगशाळेतील चाचणी-संकेतांसाठी

फंक्शन जनरेटरचा (साइन, स्क्वेअर अशा चाचणीच्या लहरी तयार करणाऱ्या उपकरणाचा) संकेत, त्याचा आकार न बिघडवता, कॉइल, पिएझो चकती (व्होल्टेज दिले की थरथरणारी), छोटी मोटर, स्पीकर अशा जड लोडपर्यंत पोहोचवणारा वर्धक. एकट्या जनरेटरला हे झेपत नाही, कारण त्याच्या आउटपुटला आतूनच बहुधा ५० ओहमचा रोध असतो. मोकळ्या टोकांवर २० व्होल्ट पीक-टू-पीक देणाऱ्या जनरेटरला ८ ओहमचा स्पीकर जोडला, की त्यातले जेमतेम पावणेतीन व्होल्ट उरतात.

खोक्यावर छापलेले वॅट सगळ्यांत शेवटी पाहावेत. लोडला किती व्होल्ट, किती करंट आणि कोणत्या फ्रिक्वेन्सीपर्यंत लागणार, हे आधी कागदावर मांडावे. पिएझो कपॅसिटरसारखा वागतो; १०० नॅनोफॅरडच्या पिएझोला १० किलोहर्ट्झवर २० व्होल्ट पीक द्यायला ०.१३ अँपियर पुरतो. १०० किलोहर्ट्झवर त्यालाच १.३ अँपियर लागतो. कॉइलचे उलटे, तिथे करंटऐवजी व्होल्ट वाढवावे लागतात. १ मिलिहेन्रीच्या कॉइलमधून १० किलोहर्ट्झला १ अँपियर वाहता ठेवायला ६३ व्होल्ट लागतात, आणि फ्रिक्वेन्सी दुप्पट केली की व्होल्टही दुप्पट.

बँडविड्थचा (ॲम्प्लिफायर किती फ्रिक्वेन्सीपर्यंत चालतो याचा) आकडा पुष्कळदा छोट्या सिग्नलवर मोजलेला असतो. मोठ्या सिग्नलला खरी मर्यादा स्ल्यू रेटची, म्हणजे आउटपुटचे व्होल्टेज किती वेगाने बदलू शकते याची. २० व्होल्ट पीक, १०० किलोहर्ट्झच्या साइन वेव्हला मायक्रोसेकंदाला १२.६ व्होल्ट लागतात. निवडताना याच्या दीड-दोन पट धरावे. कमी पडले तर सीआरओवर (लहरीचा आकार पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणावर) साइन वेव्ह त्रिकोणी दिसू लागते.

हाताशी असलेला गाण्यांचा ॲम्प्लिफायर वापरण्याचा मोह टाळलेला बरा. इनपुटच्या कपॅसिटरमुळे त्यातून डीसी जात नाही आणि कमी फ्रिक्वेन्सीच्या स्क्वेअर वेव्हचा सपाट माथा उतरता होतो. क्लास-डी प्रकारात (ट्रान्झिस्टर वेगाने चालू-बंद करून चालणाऱ्या) स्विचिंगचा अंश आउटपुटवर उरतोच. ब्रिज जोडणीच्या (लोडची दोन्ही टोके दोन वेगळ्या वर्धकांनी चालवणाऱ्या) ॲम्प्लिफायरमध्ये आउटपुटचे एकही टोक ग्राउंड नसते. तिथे सीआरओच्या प्रोबची ग्राउंड क्लिप अडकवली की अर्धा ॲम्प्लिफायर थेट शॉर्ट होतो. कॉलेजच्या लॅबमध्ये ॲम्प्लिफायर जळण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे, आणि ते पूर्ण टाळता येते.

खान्देशात उष्णतेचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो, तर पुस्तकातली उदाहरणे २५ अंश धरून सोडवलेली असतात. ३० वॅट उष्णता बाहेर टाकायची आहे, जंक्शन (ट्रान्झिस्टरच्या आतला तापणारा भाग) १२५ अंशांच्या आत ठेवायचे आहे, आणि जंक्शनपासून हीटसिंकपर्यंतचा (उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या तुकड्यापर्यंतचा) उष्णता-रोध वॅटला १.२ अंश आहे, असे धरू. २५ अंशांच्या खोलीत वॅटला २.१ अंशांचा हीटसिंक चालतो. ४५ अंशांना १.५ च्या खालचा, म्हणजे चांगलाच मोठा, घ्यावा लागतो. बंद डब्यातली हवा आणखी तापते, ती वेगळीच. त्यात लोड कॉइल किंवा कपॅसिटर असेल तर ताण वाढतो, कारण लोडने न वापरलेली शक्ती ट्रान्झिस्टरमध्येच उष्णता होऊन उरते. ±२५ व्होल्ट सप्लायच्या क्लास-एबी (स्विचिंग न करणाऱ्या, नेहमीच्या प्रकारच्या) ॲम्प्लिफायरवर ८ ओहमचा शुद्ध रोध असेल तर जास्तीत जास्त सुमारे १६ वॅट उष्णता होते. तेवढ्याच इम्पिडन्सच्या (एसीला होणाऱ्या एकूण अडथळ्याच्या) शुद्ध कॉइलवर, आउटपुट सप्लायच्या टोकांपर्यंत हलवले तर, सुमारे ५० वॅट.

लांब कोअक्शियल केबल किंवा पिएझो थेट जोडल्यास ॲम्प्लिफायर स्वतःच ऑसिलेट होऊ शकतो, म्हणजे आपोआप नको ती लहर निर्माण करू लागतो. साइन वेव्हची रेघ जाड, केसाळ दिसते आणि सिग्नल नसतानाही हीटसिंक तापतो. आउटपुटपासून ग्राउंडला १० ओहम आणि १०० नॅनोफॅरड सिरीजमध्ये जोडावेत, पिएझोच्या वाटेत काही ओहमचा रोध घालावा. कॉइलसाठी आउटपुटपासून दोन्ही सप्लायकडे उलटे डायोड लावावेत. कॉइल अचानक सुटली तर उसळणारे व्होल्टेज तेच झेलतात.

पंखा असेल तर त्याच्या जाळीवर धूळ आणि जिनिंगच्या हंगामात कापसाची तूस बसते. ती दर पंधरवड्याला ब्रशने काढावी. उन्हाळ्यात काळी जमीन सुकून भेगाळली की अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून मार्चपासूनच अर्थिंगच्या खड्ड्यात नियमित पाणी सोडावे.