श्लोकाचं पद होताना: 'शाकुंतला'च्या चालींची पार्श्वभूमी

अण्णासाहेब किर्लोस्करांचं मराठी संगीत नाटक 'शाकुंतल' हे कालिदासाच्या संस्कृत नाटकावरून केलेलं. त्या मूळ नाटकातली, कण्वाच्या तोंडची 'यास्यत्यद्य शकुन्तलेति हृदयं संस्पृष्टमुत्कण्ठया' ही ओळ मोजून पाहा. वृत्त शार्दूलविक्रीडित, अक्षरं १९, यती, म्हणजे थांबायची जागा, बाराव्यावर. मात्रा मात्र (लघु म्हणजे आखूड अक्षराची एक, गुरू म्हणजे लांब अक्षराची दोन) १८ आणि १२, म्हणजे ३०. सोळा मात्रांच्या त्रितालाच्या दोन आवर्तनांना ३२ लागतात. सरळ ठेक्यावर धरली तर 'शकुन्तला'तला 'कु' नवव्या मात्रेवर, नेमका खालीवर, म्हणजे टाळी नसलेल्या जागी येतो आणि दुसरी सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, 'हृदयं'च्या शेवटच्या अक्षराला मिळते. कालिदासात सौंदर्य आहे ते लघु-गुरूंच्या ठरलेल्या क्रमात. मात्रा भरायला लघु अक्षर ताणलं की वृत्त मोडतं. म्हणून असे श्लोक ठेक्याविना, यतीला श्वास घेत म्हणायचे.

'शाकुंतल' येईतोवर गाणं तालात कसं बसवायचं हा प्रश्न नटाचा नव्हताच. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सुरू केलेल्या नाटकांत पदं सूत्रधार आणि त्याचे साथीदार म्हणत, पात्रं गद्य बोलत. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'शाकुंतला'चे पहिले चार अंक केले, तेव्हा पद ज्याचं त्याच्या तोंडी गेलं. मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर यांच्यासारखे गाते नट हाताशी होते, म्हणून हे जमलं.

श्लोक तालात कोंबण्याचा हट्ट अण्णासाहेबांनी धरला नाही. आशय मराठीत उतरवला आणि साकी, दिंडी, कामदा अशा कानावरच्या छंदांत किंवा एखाद्या प्रचलित गाण्याच्या चालीवर बसवला. पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून त्या मूळ गाण्याचे शब्द छापायचे, की नटाला वेगळं शिकवायला नको. साकीच्या ओळीत १६ आणि १२ मात्रा. आठाच्या ठेक्यावर शेवटचं अक्षर चार मात्रा लांबवलं की ३२ भरतात. दिंडीच्या ९ आणि १० मात्रा इतक्या सहज बसत नाहीत.

उसनी चाल घेण्यात खोट आहे ती वेगळीच. मूळ गाण्यात जिथे 'आ'कारावर हरकत, म्हणजे सुरांची छोटी फिरत होती, तिथे नव्या शब्दांत जोडाक्षर आलं की सूर अडकतो आणि शब्दही कळत नाही. शिवाय 'शाकुंतला'त पदं दोनशेच्या घरात. प्रत्येक पद आळवलं तर नाटक संपायचंच नाही. तिथली बरीच पदं म्हणजे संवादच आहेत, ती झपझप म्हणावी लागतात. पुढच्या काळात गाणाऱ्यांनी, आणि 'वन्स मोअर' देणाऱ्यांनी, हा हिशेब फारसा मानला नाही.

चाल बांधणं हे स्वतंत्र काम ठरलं ते १९११च्या 'मानापमाना'त. नाटककार खाडिलकरांच्या पदांना गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या. पुढे १९१६ला त्यांच्याच 'स्वयंवरा'साठी गायक भास्करबुवा बखले आले. रागदारी पुढे सरली, पद फुलवायला जागा मिळाली आणि साकी-दिंडी मागे पडल्या.